हिंदी सिनेसंगीताचं सगळ्यात टाकाऊ दशक कुठलं? ('आमच्या वेळी' हा पुरावा धरला जाणार नाही)

तिरकीट

गाण्यांचा कुठलाही धागा असो, पन्नासाव्या प्रतिसादाच्या आसपास गाडी त्याच रुळावर येते. एक जण म्हणतो ऐंशीच्या दशकात हिंदी गाणं मेलं. दुसरा विचारतो, मग आता काय जिवंत आहे? तिसरा 'उमराव जान'चा दुवा डकवून निघून जातो. मूळ विषय बिचारा बाजूला पडतो, म्हणून हे कुरुक्षेत्र वेगळं काढलंय.

अट एकच. दशक जोखायचं ते सरासरीवरून. १९८१ चा 'उमराव जान' आणि १९८७ चा 'इजाजत' दाखवून ऐंशीचं दशक सुटत नाही आणि खाटेवरचं एक गाणं दाखवून नव्वदचं बुडत नाही. पद्धत अशी: त्या वर्षीच्या हिंदी चित्रपटांची अकारविल्हे यादी घ्या, दर दहावा चित्रपट उचला, त्यातली झाडून सगळी गाणी शेवटपर्यंत ऐका. वर्षाला बारा-पंधरा चित्रपट, म्हणजे सत्तरेक गाणी होतात. मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक, शब्द, गळा असे पाच रकाने, प्रत्येकी पाच गुण. हिट गाण्यांच्या यादीवरून सुरुवात करायची नाही. हिट म्हणजे चाळणीतून वर राहिलेली गाणी. पन्नासच्या दशकातही रद्दी भरपूर निघाली, फक्त ती परत कुणी छापली नाही आणि रेडिओवरही लावली नाही.

माझं मत: दशक धरायचं तर ऐंशीचं. नेमकं बोलायचं तर १९८३ ते १९८७.

खर्जातला_खडूस

१९८३ बरोबर धरलंत. त्या वर्षी 'हिम्मतवाला' आला. जितेंद्र-श्रीदेवी, संगीत बप्पी लाहिरी, शब्द इंदीवर. चित्रपट तुफान चालला आणि त्याचा छाप तयार झाला. त्याच वर्षी 'मवाली', पुढच्या वर्षी 'तोहफा'.

छापातली गाणी उलगडून बघा. ठेका पहिल्या सेकंदाला जो लागतो तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही. मुखड्यात एखादा नाद करणारा शब्द दोनदा-चारदा येतो ('ताथैया' त्यातला सभ्य म्हणायचा). मधल्या म्युझिकचे तुकडे सारख्या मापाचे, कारण तेवढ्या वेळात रांगेत मांडलेली मडकी दाखवायची असतात. आणि खरी मेख अंतऱ्यात आहे. चांगल्या गाण्यात अंतरा मुखड्यापासून दूर जातो, वरच्या सापर्यंत चढतो, आणि शेवटची ओळ त्याला अशी वळवून आणते की मुखडा परत आल्यावर बरं वाटतं. या छापात अंतरा म्हणजे मुखड्याचीच चाल चार सूर वर सरकवलेली. दूर गेलंच नाही तर परत यायची मजा कुठून येणार?

लिहिणारे इंदीवर म्हणजे 'चंदन सा बदन' लिहिणारेच हं. माणूस तोच, मागणी बदलली.

मंद्र_पंचम

मागणी का बदलली तेही लिहा की. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. मध्यमवर्ग घरी बसून भाड्याची कॅसेट बघायला लागला. थिएटरात उरले पुढच्या रांगांचे प्रेक्षक, आणि निर्माता त्यांच्यासाठी मारधाड काढू लागला. मारधाडीच्या चित्रपटात गाण्याला प्रसंगच नसतो. नायकाला बहीण, सूड आणि मोटारसायकल, त्यात विरहगीत कुठे बसवणार?

दुसरं कारण गळ्यांचं. रफी ३१ जुलै १९८० ला गेला, साहिर त्याच वर्षी ऑक्टोबरात, किशोर ऑक्टोबर १९८७ मध्ये. रफी गेला तरी संगीतकारांच्या हाताला त्याच्या पट्टीची सवय राहिली. चाल तेवढीच उंच बांधायची आणि शब्बीर कुमार किंवा मोहम्मद अझीझच्या हातात द्यायची. 'कुली'त अमिताभला शब्बीर कुमारचा आवाज आहे. हे गायक वरच्या सुराला पोचतात, यात वाद नाही. पण रफी तिथे पोचल्यावर आवाज बारीक करून शब्द मऊ सोडायचा. ते जमलं नाही की तोच सूर हाक मारल्यासारखा लागतो. दोन सूर खाली उतरवून चाल बांधली असती तर हेच गायक निम्मे कमी बदनाम झाले असते. खय्यामने 'उमराव जान'मध्ये आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. पट्टी गळ्याला बेतली की काय होतं ते तिथे ऐका.

चौपाटी_चिवडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पंचमभक्त (आर. डी. बर्मनवाले) आले म्हणजे आता शंभरी पक्की.

जुनी_टेप

सूड आणि व्हिडिओ ठीक आहे, पण यंत्रांचं कुणी बोलत नाहीये.

आधीची पद्धत: मेहबूब किंवा ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत साठ-सत्तर वादक आणि गायक एकाच वेळी. एकाचा सूर चुकला की सगळा टेक परत. महाग, पण सगळे एकमेकांना ऐकत वाजवायचे, त्यामुळे लय श्वास घ्यायची. मल्टीट्रॅक आल्यावर ताल वेगळा, व्हायोलिनं वेगळी, गायक वेगळा, गायिका भलत्याच दिवशी. युगुलगीतात दोघं एकमेकांच्या ओळीला उत्तर देतायत असं वाटेनासं झालं त्याचं मूळ इथे आहे.

मग १९८३ ला यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर बाजारात आला. सोळा सूर एका वेळी वाजतात, बत्तीस आवाज साठवता येतात. पण त्याचं आवाज घडवायचं तंत्र (एफएम) इतकं किचकट की स्वतःचा आवाज बनवायला बसलं तर दिवस जातो. म्हणून जगभर सगळ्यांनी कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले: तोच इलेक्ट्रिक पियानो, तोच बेस, तीच घंटा. ड्रम्सचंही तसंच. सिमन्सचे षटकोनी पॅड, त्यांचा तो वरून खाली घसरणारा 'ढ्यूऽऽ'. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो डोक्यावर घेतला, पण सुरुवातीच्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅड नुसते मिडीचे (यंत्रांच्या आपसातल्या भाषेतले) निरोप पाठवायचे, आवाज शेजारच्या यंत्रातून यायचा. म्हणजे दहा स्टुडिओंत शेजारचं यंत्र एकच असलं की दहा संगीतकारांचा ढोल एकच.

त्या पाच वर्षांतली गाणी एकमेकांत मिसळतात त्याचं निम्मं कारण चाली नाहीत, हे मर्यादित आवाज आहेत.

बारा_मात्रा

यंत्राला दोष देऊ नका. १९८२ मध्ये मुंबईतल्याच चरणजित सिंगने रोलँडचा ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर एवढ्यावर दहा रागांची तबकडी काढली. भैरवी, ललित, तोडी, मालकंस वगैरे, सगळं डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परत निघाली तेव्हा परदेशातले लोक थक्क झाले, कारण हीच यंत्रं वापरून शिकागोत ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत सुरू झालं ते त्याच्या काही वर्षं नंतर. माणूस सिनेमाच्या वाद्यवृंदातलाच. यंत्र कामाला लावायला वेळ लागतो. १९८६ मध्ये बप्पीदांनी एका वर्षात तेहतीस चित्रपटांची एकशे ऐंशीवर गाणी ध्वनिमुद्रित केली, गिनीजच्या नोंदीची गोष्ट आहे. भागा तीनशे पासष्टने. दोन दिवसांना एक गाणं, सणवार धरून.

मंद्र_पंचम

आणि त्याच बप्पीचा १९८५ चा 'ऐतबार' ऐका. आशा-भूपेंद्रच्या गझला. कुणाचं नाव न सांगता ऐकवलं तर दहात नऊ जण खय्याम म्हणतील.

सम_चुकली

अवांतर: १९८६ आणि १९८७ च्या चित्रपटांना फिल्मफेअर पारितोषिकं दिलीच गेली नाहीत. कारण वेगळं होतं, गैरसमज नको. पण काव्यात्म न्याय म्हणून नोंदवून ठेवतो.

नव्वदवाले कुठे गेले?

लाल_रेघ

आले. ऐंशीवर इतकी माती टाकताय, तर नव्वदच्या पहिल्या पाच वर्षांचं सोवळं कशाला? 'आशिकी' (१९९०) चाली म्हणून चांगलीच होती. पण हिम्मतवालाचं जे झालं तेच तिचं झालं. नदीम-श्रवणचं माप सगळ्यांनी उचललं: सुरुवातीला आलाप किंवा बासरीचा तुकडा, मग ढोलक-तबल्याचा केहरवा, मध्ये व्हायोलिनांचा ताफा, एका तुकड्यात शहनाई किंवा सतार, अंतरे दोन किंवा तीन पण चाल एकच. कुमार सानूला १९९१ ते १९९५ सलग पाच फिल्मफेअर. सानू वाईट गातो असं म्हणत नाही. पण पाच वर्षं एकच पोत म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला दुसरं वळणच मिळालं नाही.

शिवाय उचलेगिरी. १९९५ च्या 'अकेले हम अकेले तुम'मध्ये अनू मलिकने व्हॅम या ब्रिटिश जोडीचं ख्रिसमसचं गाणं आणि गॉडफादरची धून अशा दोन जगप्रसिद्ध चाली एकाच चित्रपटात बसवल्या. निदान कमी प्रसिद्ध तरी निवडायच्या.

खर्जातला_खडूस

उचलेगिरीवर दशक ठरवायचं तर सगळीच बुडतील. 'डिस्को डान्सर'मधलं (१९८२) जिमीचं गाणं ओटावान या फ्रेंच जोडीचं आहे. पन्नास-साठच्या दशकातही पाश्चात्त्य चाली येत होत्याच. फरक असा की तेव्हा उचललेला तुकडा मुखड्यापुरता असायचा, अंतरा स्वतःचा बांधायचे. पुन्हा अंतऱ्यावरच आलो बघा.

आणि नव्वदच्या बाजूने: १९९२ 'रोजा', १९९५ 'रंगीला'. १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया'ने गाण्याला परत प्रसंग मिळवून दिला. त्याला संगीत देणारे रामलक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'चे संगीतकार. जोडीतले राम १९७६ मध्येच गेले, यांनी नाव जोडीचंच ठेवलं.

फेडर_वर

सगळे कबरी उकरताय आणि समोरचं दिसत नाहीये. २०१० चं दशक, त्यातही २०१६ नंतरचं, सगळ्यात टाकाऊ. ऐंशीत वाईट का होईना, नवी चाल बांधत होते. इथे चाल बांधायचाच कंटाळा.

जुन्या गाण्यांचा रिमेक हा धंद्याचा हिशोब आहे. जुनं गाणं ज्या कंपनीच्या कपाटात आहे तीच नव्या चित्रपटाचे संगीतहक्क घेते. ओळखीचा मुखडा फुकटात हाताशी असतो, प्रसिद्धीचा खर्च वाचतो. मग मुखडा तेवढा ठेवायचा, अंतरा काढून रॅप घालायचा. २०१७ चा 'हम्मा हम्मा', २०२० चं 'मसकली'. दुसऱ्यावर तर रहमानने स्वतः जाहीर नाराजी दाखवली.

दुसरं, एका चित्रपटाला चार-पाच संगीतकार. 'आशिकी २'ला (२०१३) तीन होते आणि ते जमून गेलं, मग तीच वहिवाट पडली. अख्ख्या चित्रपटाचा एक स्वभाव असतो हे गेलं. तिसरं, स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजतात. म्हणून सुरुवातीचं म्युझिक कापलं आणि हुक (डोक्यात बसणारा तुकडा) पुढे आणला. पूर्वी मुखड्याआधी वीस-तीस सेकंद वाद्यं वाजायची, आता तेवढ्यात हुक दोनदा होऊन जातो.

चौथं मोजून दाखवता येतं: आवाजाची पातळी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) १९८१ चं एक आणि २०१८ चं एक गाणं उघडा. जुन्याची आकृती डोंगरदऱ्यांची दिसेल, नव्याची विटेसारखी सपाट. मग व्ह्यू मेनूत शो क्लिपिंग चालू करा (आवाज कमाल पातळीला आपटून कापला गेला ती जागा दिसते), विटेवर लाल रेघाच रेघा (आयडीला उद्देशून नाही). आता दोन्ही ट्रॅक निवडून लाउडनेस नॉर्मलायझेशनने -१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय याच आकड्याच्या आसपास आणतात. नवं गाणं -८ च्या आसपास बनवलेलं असेल तर सहा डेसिबल खाली येईल, आणि मग कळेल की ढोलाचा घाव दाबून टाकलेला आहे. मोठा वाटत होता तो नुसता मोठाच होता. ही पायरी टाळून तुलना केली की कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो, एवढं लक्षात ठेवा.

बारा_मात्रा

रिमेकचा कायदा थोडा नीट मांडायला हवा, कारण 'कायद्यातली पळवाट' असं सर्रास लिहितात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२(१)(जे) होतं. गाणं एकदा ध्वनिमुद्रित झालं की (१९९४ च्या दुरुस्तीपासून, ते वर्ष संपल्यावर दोन वर्षांनी) नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून, दुसरा कुणीही तेच गाणं नव्या आवाजात काढू शकायचा. ऐंशी-नव्वदच्या स्वस्त कॅसेटी, रफी-मुकेशची गाणी नव्या गायकांच्या आवाजात, ही सगळी त्या दारातून आली. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम जाऊन ३१-सी आलं. आता थांबायचं पाच वर्षं, रॉयल्टी दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची, आणि गाण्यात तांत्रिक गरजेपलीकडे फेरफार करायचा नाही. म्हणजे बाहेरच्याला रॅप घालायची मुभाच नाही. आजचे रिमेक या दारातून येतच नाहीत. हक्क कंपनीचेच, तिला परवाना कुणाचा लागणार? त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी मिळू लागली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत धरून लावलेली गोष्ट. त्यामुळे रिमेक झाला तर मूळ माणसाला निदान काही मिळतं. ऐंशीतल्या उचलेगिरीत मूळवाल्याला पत्ताही नसायचा.

लाल_रेघ

फेडर_वर, तुमच्या दशकात 'उडान', 'रॉकस्टार', 'लुटेरा' आहेत. आणि हिंदीबाहेर जायचं तर २०१६ चं 'सैराट', ज्याचा वाद्यवृंद अजय-अतुलनी थेट लॉस एंजेलिसला वाजवून घेतला. सरासरीच्या अटीत हे चालत नाही हे मान्य. पण अट सगळ्यांना लावा.

फेडर_वर

लावतो की. दर दहावा चित्रपट उचला आणि त्यात अंतरा असलेली गाणी मोजा. रकाना रिकामाच राहतोय म्हटल्यावर गुण शून्य द्यायचे की तो रकाना गाळायचा, हे धागाकर्त्यांनी ठरवावं.

तिरकीट

शून्य. अंतरा न बांधणं हा निर्णय आहे, त्याचे गुण मिळणार. पन्नासच्या दशकात ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटंही नीट बसायची नाहीत, तरी दोन अंतरे बसवायचे. तेव्हा वेळ कमी होता ही सबब नको.

जुनी_टेप

गुण देण्याआधी एक मोठी चूक टाळा. ऐकताय ते गाणं मूळ आहे का ते बघा. ऐंशीतली बरीच गाणी नेटवर 'झंकार' अवतारात आहेत. म्हणजे मूळ गाण्यावर नंतर ऑक्टोपॅड आणि ढोलक चढवून, वर भरपूर एको. मूळ गाणी क्लिकवर (यंत्राच्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवलेली नसल्यामुळे अंतऱ्यात लय केसभर पुढे-मागे होते. वरून चढवलेला ठेका तिथे घसरतो, तबल्याची लग्गी त्याच्याखाली चिरडते, आणि आपण शिव्या मूळ वादकाला देतो. ओळखायची खूण: सुरुवातीच्या आलापात ताल नसायला हवा तिथेही टिकटिक ऐकू आली, किंवा टाळीचा आवाज डावी-उजवीकडे उड्या मारतोय, तर ती प्रत बाद करा. वेगही तपासा. काही प्रती हक्कांच्या यंत्रणेला चकवायला थोड्या पळवलेल्या असतात. पेटीवर मुखड्याचा सा धरा, दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी सापडला तर प्रत संशयास्पद.

एलपीवरून घेतलेली प्रत पहिली पसंती, कॅसेट शेवटची.

सम_चुकली

कॅसेटच उपलब्ध असेल तर? १९८४-८६ चे कितीतरी छोटे चित्रपट एलपीवरून कुणी उतरवलेलेच नाहीत. आणि त्या कॅसेटी घोंगडी पांघरून गायल्यासारख्या वाजतात.

जुनी_टेप

घोंगडी बहुतेक वेळा टेपरेकॉर्डरच्या हेडची असते. कॅसेटची पट्टी जेमतेम ३.८१ मिमी रुंद, सेकंदाला ४.७६ सेंमी सरकते. एवढ्या सावकाश वेगात झांज-बासरीचे वरचे आवाज पट्टीवर फार दाटीवाटीने बसतात. हेड काटकोनातून किंचित तिरकं असलं की तेच आधी जातात. स्वस्तात भरलेल्या कॅसेटी तर मुळातच तिरक्या भरलेल्या असायच्या, त्यामुळे हेड प्रत्येक कॅसेटला वेगळं जुळवावं लागतं.

आधी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि रबरी चाक पुसा, वाळू द्या. कॅसेट लावून चालू करा, आवाज मोनोवर घ्या. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील. त्यातला ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. सुरुवातीची जागा मार्करने खूण करून ठेवा. चुंबक नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर इकडे, केसभर तिकडे, पाव फेऱ्याच्या पलीकडे जायची गरज पडत नाही. स, श हे उच्चार आणि मंजिऱ्या सगळ्यात टोकदार ऐकू येतील तिथे थांबा. मोनोवरच का? हेड तिरकं असलं की डाव्या-उजव्या बाजू एकमेकींतले वरचे आवाज खातात. मोनोत ते लगेच कळतं, स्टिरिओत कान फसतो. काम झालं की स्क्रू परत खुणेवर आणा, नाहीतर बाकीच्या चांगल्या कॅसेटी घोंगडीत जातील.

तिरकीट

उत्तम. मग ठरलं: एलपी, नसेल तर हेड जुळवून कॅसेट, झंकार बाद, सगळं -१४ वर आणून ऐकायचं. सुरुवात १९८५ पासून करू. यादी अकारविल्हे असल्यामुळे 'ऐतबार' वरच्या बाजूलाच येणार. मोजणी दहाव्याऐवजी त्याच्यापासून सुरू करावी अशी मागणी मंद्र_पंचम करतील, ती आत्ताच फेटाळतोय.

मंद्र_पंचम

निदान 'सागर' तरी दहाचा पाढा लागून येतोय का बघा हो.